लग्नाच्या वहीतला 'कोंदाम' कोण? (चर्चच्या जुन्या नोंदी वाचणाऱ्यांनी मदत करा)

लोंढा जंक्शन | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. निवृत्त झाल्यापासून घराण्याची वंशावळ करायला घेतलीय. आम्ही कॅथलिक, मूळचे गोव्याकडचे. कधीतरी घाट चढून खानापूर तालुक्यात आलो आणि इकडचेच झालो. घरात कोकणी, शाळा मराठी, कचेरीत कानडी. पणजोबा सदर्न मराठा रेल्वेत गँगमन होते, एवढं नक्की.

त्यांच्या लग्नाचा दाखला बेळगावातल्या एका चर्चच्या ऑफिसातून मिळाला. टाइप केलेला, शिक्का वगैरे मारून. आडनाव इथं देत नाही. मजकूर असा:

वर: जोसेफुस (घरात सगळे 'जुजे' म्हणायचे). वडील: क्वोन्दाम पेत्री. वधू: एलिझाबेथ. तारीख: २२ सप्टेंबर १८९८.

आता हे 'क्वोन्दाम' काय प्रकरण आहे? आमचं आडनाव हे नव्हे. मला वाटलं गावाचं नाव असणार, म्हणजे फोंड्याकडचं कुंडई. पोर्तुगीज लोक नावं कशीही लिहायचे. दोन दिवस कुंडईत फिरून आलो, नारळपाणी पिऊन परत. वंशावळीत सध्या 'पेत्री कोंदाम' असं लिहून ठेवलंय. शिवाय पणजी म्हणजे 'इजाबेल', हे कागदावरचं 'एलिझाबेथ' कोण?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निपाणीकर | शनिवार, रात्री १०.०५

कुंडईला जायच्या आधी धागा काढला असतात तर पेट्रोल वाचलं असतं की हो.

कॅम्पातली | शनिवार, रात्री १०.५०

लोंढा जंक्शन, 'कोंदाम' माणूसही नव्हे, गावही नव्हे. लॅटिनमध्ये 'क्वोन्दाम' म्हणजे एके काळचा, होऊन गेलेला. बापाच्या नावाआधी आला की अर्थ 'कैलासवासी'. आपण पत्रिकेत 'कै.' छापतो ना, तसंच. म्हणजे पणजोबांचं लग्न झालं तेव्हा त्यांचे वडील हयात नव्हते. मृत्यूच्या वहीत १८९८ च्या मागे शोधायला लागा.

आणि त्यांचं नाव 'पेत्री'सुद्धा नाही. शाळेत संस्कृत होतं का तुम्हाला? 'रामस्य' वाचून कुणी मुलाचं नाव रामस्य लिहीत नाही. पेत्रुस हे नाव, 'पेत्री' म्हणजे पेत्रुसचा. षष्ठी आहे ती. घरात ते पेद्रू असणार. इजाबेल आणि एलिझाबेथ हे मुळात एकच नाव. पाद्रीबाबा लॅटिनमध्ये लिहिताना एलिझाबेथ करायचे, त्यामुळे ती तुमचीच पणजी.

मी कॅम्पातल्या एका शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं. नंतर दोन वर्षं जुन्या वह्यांची नक्कल करायला मदत केली, म्हणून सांगते.

लोंढा जंक्शन | शनिवार, रात्री ११.१५

टीचर, डोक्यावरनं मोठं ओझं उतरलं. आणि थोडी लाजही वाटली. वंशावळीत मी 'पेत्री कोंदाम, मृत्यू अंदाजे १९१०' असं लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून मोकळा झालोय. आता तिघांनी ते आपापल्या वंशावळीत चिकटवलंय.

शहापूरचा मोडीवाला | रविवार, सकाळी ७.२०

हेच दुखणं सगळीकडं आहे. मी ख्रिस्ती नाही, खरं मोडी कागद वाचायला लोक माझ्याकडं येतात. माझा नियम एकच. कागदावर जे आहे ते आधी जसंच्या तसं उतरवायचं, अर्थ त्याच्या खाली लिहायचा आणि आपला तर्क अगदी वेगळ्या ओळीत. तिन्ही एकत्र कालवले की पाच वर्षांनी स्वतःलाच कळत नाही की हे कागदात होतं की आपल्या डोक्यात.

उदाहरण देतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. मी वाचतावाचता शुद्ध करून लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटणार मूळ कागदातच तसं आहे. सनाचंही तेच. शकात ७८ मिळवायचे, फसलीत ५९०, शुहूर सनात ५९९, आणि महिना बघून त्यातही एखादं वर्ष इकडं-तिकडं. मी कागदावरचा मूळ सन खोडत नाही, शेजारी इसवी सन लिहितो. तुम्ही 'क्वोन्दाम पेत्री' हे शब्द आहेत तसे ठेवा. 'कै. पेद्रू' हे खाली येऊ द्या. उद्या टीचरपेक्षा जाणता कुणी आला तर त्याला मूळ शब्द बघायला मिळाला पाहिजे.

कॅम्पातली | रविवार, सकाळी ८.००

टीचरपेक्षा जाणता येऊ दे की, मी कुठं नको म्हणते.

घाटमाथा | रविवार, सकाळी ९.३०

मला त्या तारखेचं विचित्र वाटतंय. सप्टेंबरात लग्न? खानापूर-जांबोटी पट्ट्यात तेव्हा भात शेतात उभं, वाटा चिखलाच्या, घरात दाणा संपत आलेला. आमच्याकडं तर चातुर्मास. ख्रिस्ती लोकांना चातुर्मास नाही हे मान्य, खरं पाऊस सगळ्यांनाच. शेतीवर असलेल्या घरात सुगीच्या आधी कोण लग्न काढतंय?

कॅम्पातली | रविवार, सकाळी १०.१५

घाटमाथा, शंका बरोबर आहे. लोंढा जंक्शन, मूळ वहीत महिना कसा लिहिलाय ते बघितलंत का? '९ब्रिस' असं काही?

जुन्या वह्यांत सप्टेंबर ते डिसेंबर हे चार महिने आकड्यात लिहायची पद्धत होती. ७ब्रिस म्हणजे सप्टेंबर, ८ब्रिस ऑक्टोबर, ९ब्रिस नोव्हेंबर, आणि रोमन दहाचा आकडा टाकून डिसेंबर. सप्त, अष्ट, नव, दश. नावातच आहे बघा, रोमन लोकांचं वर्ष मूळचं मार्चपासून मोजलेलं. आजकालचा माणूस ७ बघून जुलै लिहितो, ९ बघून सप्टेंबर. पोर्तुगीज वह्यांतही हीच पद्धत.

२२ नोव्हेंबर असेल तर सगळं जुळतं. ख्रिसमसच्या आधी चार रविवारांचा ॲडव्हेंट. त्या काळात आणि लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, थाटाची लग्नं बंद. १८९८ साली ॲडव्हेंट लागला २७ नोव्हेंबरला. लग्नाआधी तीन रविवारी चर्चमध्ये नावं पुकारायची. ते रविवार पडतात ६, १३ आणि २०. मंगळवारी २२ ला लग्न. दार बंद व्हायच्या आत उरकलेलं दिसतंय.

हा अंदाज आहे हं. वही बघितल्याशिवाय वंशावळीत नोव्हेंबर लिहू नका.

निपाणीकर | रविवार, सकाळी १०.४०

टीचर, आमच्या गणिताच्या सरांनी असं शिकवलं असतं तर मी आज तंबाखूच्या वखारीत नसतो.

सीमावासी | रविवार, दुपारी १२.१०

थोडं अवांतर. मी मराठा, आमची वंशावळ हेळव्याकडं. सुगी झाली की बैल घेऊन दारात हजर, वही काढणार, मागच्या पिढ्या म्हणून दाखवणार, नवीन पोरांची नावं घालून घेणार, धान्य-कापड घेऊन पुढच्या गावाला. लहानपणी आम्हाला तो बैलच भारी वाटायचा. खरं त्या वहीत आमच्या घरच्या पोरींची नावं फारशी नाहीत. चर्चच्या वहीत नवरीच्या आईबापाचंही नाव असतं म्हणतात. हेवा वाटतोय.

कॅम्पातली | रविवार, दुपारी १२.३०

असतं, बहुतेक वेळा. आडनावाची खात्री मात्र देऊ नका. गोव्याकडच्या जुन्या नोंदीत बायकांना कैकदा नुसतं नाव, आडनाव नाहीच.

मिशन कंपाउंड | रविवार, दुपारी ३.४५

आम्ही मेथडिस्ट. प्रोटेस्टंट लोकांनी टीचरचे नियम जसेच्या तसे लावू नयेत, म्हणून लिहितोय. लंडन मिशनरी सोसायटी बेळगावात आली १८२० साली आणि १९०४ ला सगळं काम अमेरिकन मेथडिस्टांकडं गेलं. बेनन स्मिथ शाळेतल्या 'बेनन'ची मंडळी ती हीच. त्यामुळं १९०४ च्या अलीकडचे आणि पलीकडचे कागद एकाच कपाटात सापडतील अशी आशा ठेवू नका.

आमच्याकडं १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानंतर इंग्रजी छापील रकाने. वय, अविवाहित की विधुर, धंदा, बापाचं नाव. वयाच्या रकान्यात आकड्याऐवजी नुसतं 'फुल एज' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ म्हातारा नव्हे, एकवीस पूर्ण एवढाच. आणि त्या कायद्यात मायनरची व्याख्या अशी की एकवीसच्या आतली, पण विधुर किंवा विधवा नसलेली व्यक्ती. म्हणजे सतरा वर्षांची विधवा कायद्यानं मायनर नाही! मी हे वाचून बराच वेळ विचार करत बसलो होतो.

गोऱ्या पलटणीतलं किंवा अँग्लो-इंडियन कुणी घराण्यात असेल तर आणखी एक वाट आहे. चॅप्लेन लोकांच्या, म्हणजे सरकारी पाद्रींच्या, नोंदींच्या नकला मुंबईला आणि तिथून लंडनला जायच्या. मुंबई इलाख्याच्या त्या वह्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ वही वाळवीनं खाल्ली तरी नक्कल मिळू शकते. नक्कल ही नक्कल हे मात्र लक्षात असू द्या. उतरवणारा कारकून मुंबईतला, त्याला हिंडलगा आणि हलगा सारखंच.

सुपेकर | रविवार, सायंकाळी ६.२०

वही कुठल्या चर्चला शोधायची हाच आमचा प्रश्न. आमचं सुपा काळी नदीच्या धरणात गेलं, आम्ही रामनगरला आलो. आजोबांचं लग्न बेळगावला सापडेल म्हणून गेलो, तिथं म्हणाले कारवारला बघा. नकाशा जसा फिरला तशी माणसं फिरतात.

शहापूरचा मोडीवाला | रविवार, सायंकाळी ७.००

सुपेकर, गाव जागचं हलत नाही, कचेरी हलते. आमचं शहापूर बेळगावला चिकटलेलं, खरं होतं सांगली संस्थानात. रस्ता ओलांडला की दुसरं राज्य. १८९० चा कागद आजच्या जिल्ह्याच्या ठिकाणी मागणाऱ्याला मी आधी विचारतो, तेव्हा मालक कोण होता?

कॅम्पातली | रविवार, रात्री ८.१०

चर्चचंही तसंच आहे, आणखी गुंतागुंतीचं. एकोणिसाव्या शतकात इकडं दोन सत्ता होत्या. एक गोव्याच्या आर्चबिशपची, पोर्तुगालच्या राजाच्या जुन्या हक्कातली, आणि दुसरी थेट रोमनं नेमलेल्या मुंबईच्या व्हिकरची. १८८६ ला पुणे धर्मप्रांत झाला. १९५३ मध्ये गोवा आणि पुणे या दोन्हींतून भाग काढून बेळगाव धर्मप्रांत केला. १९७६ ला बेळगावातून कारवार वेगळा. त्यामुळे सुपेकर, आधी साल बघा, मग त्या साली चर्च कुणाच्या हाताखाली होतं ते बघा. वही पोर्तुगीजमध्ये असणार की लॅटिनमध्ये याचाही थोडा अंदाज त्यावरून येतो. गोव्याच्या पाद्रींचा हात असेल तर बहुधा पोर्तुगीज. तिथं 'कै.'च्या जागी 'देफुन्तो' दिसेल, तेसुद्धा आखडून लिहिलेलं. फ्रान्सिश्कूचं 'फ्रको' आणि शेवटचा ओ वर टांगलेला, तसं.

घाटमाथा | रविवार, रात्री ८.४०

सांतिबस्तवाड हे नाव सेंट सेबॅस्टियनवरून पडलं म्हणतात, तिथं चर्चही आहे. खरं का?

शहापूरचा मोडीवाला | रविवार, रात्री ९.००

कानडीत संती म्हणजे आठवड्याचा बाजार. हलग्याशेजारी दुसरं बस्तवाड आहे, दोन्हीत घोळ नको म्हणून बाजाराचं ते संती-बस्तवाड. असा माझा तर्क. तिसऱ्या ओळीत लिहा.

लोंढा जंक्शन | सोमवार, रात्री १०.३०

मंडळी, एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती. लिहू की नको चाललं होतं.

आजोबांची थोरली बहीण होती. तिच्या बाप्तिस्म्याचं साल घरातल्या जुन्या प्रार्थनेच्या पुस्तकात लिहिलेलं आहे, १८९६. लग्न १८९८ चं. मी हे दोन आकडे शेजारी ठेवले आणि आमचे थोरले काका, वय ८८, एकदम म्हणाले, बंद कर हे सगळं. नंतर चुलत बहिणीकडून कळलं की घरात हे आधीपासून कुजबुजत होते. त्या थोरलीचं नाव कुणी घ्यायचं नाही, फोटो नाही, काही नाही.

दाखल्यात काही चूक असू शकते का? सालाची वगैरे?

निपाणीकर | सोमवार, रात्री १०.५०

काकांना आधी चहा द्या. मस्करी नाही करत.

कॅम्पातली | सोमवार, रात्री ११.२०

दाखल्यावर जाऊ नका. दाखला म्हणजे छापील फॉर्म. फॉर्मला जेवढे रकाने तेवढंच उतरतं. मूळ नोंद ही एक सलग वाक्य असते, त्यात फॉर्मला न मावणारं पुष्कळ असतं. 'विदुआ' म्हणजे विधवा, 'विदूस' म्हणजे विधुर. आणि 'दिस्पेन्सातियो' म्हणजे सूट दिली असेल तर कशाबद्दल, हे तर नक्की वाचायचं. पाद्रीबाबांना रीतसर पत्र देऊन मूळ वही बघायची परवानगी मागा. फोटो काढू दिला नाही तर वाद घालू नका, कागद-पेन्सिल घेऊन बसा. अक्षर लागलं नाही तर त्या जागी टिंबं द्या, मनानं भरू नका. पान नंबर, नोंद नंबर, समासात काही खरडलेलं असेल तर तेही. साक्षीदारांची नावं सोडू नका, बहुतेक वेळा तेच काका-मामा असतात.

धागा व्यवस्थापक | मंगळवार, सकाळी ९.००

आठवण: हयात व्यक्तींची नावं, आडनावं, पत्ते इथं देऊ नयेत. चर्चच्या वहीचे फोटो परवानगीशिवाय चढवू नयेत.

लोंढा जंक्शन | पुढचा रविवार, दुपारी ४.१०

वही बघितली. पाद्रीबाबांनी स्वतः कपाटातून काढून दिली आणि शेजारी बसून राहिले. पानाची कड वाळवीनं खाल्लीय, मधला मजकूर शाबूत. मोडीवाले काकांच्या पद्धतीनं उतरवलंय, जसंच्या तसं, आमचं आडनाव तेवढं गाळून:

'दिए २२ ९ब्रिस १८९८ ... दिस्पेन्सातिओने ओब्तेन्ता सुपेर इम्पेदिमेन्तो आफ्फिनितातिस इन २ ग्रादु ... मात्रिमोनियो कोन्युन्क्सि जोसेफुम फिलियुम क्वोन्दाम पेत्री ... एत एलिझाबेथ विदुआम क्वोन्दाम सेबास्तियानी ...'

टीचर, ९ब्रिसच आहे! घाटमाथा, तुमच्या पावसाला सलाम. आणि 'क्वोन्दाम' दोनदा आलंय, एकदा पणजोबांच्या वडिलांना आणि एकदा कुणा सेबास्तियानला. आडनाव असतं तर दोघांना कसं लागलं असतं. 'विदुआम' दिसल्यावर मात्र माझा हात थांबला. बाकीचं तुम्ही सांगा. जोसेफुसचा 'जोसेफुम' का झाला तेही.

कॅम्पातली | रविवार, सायंकाळी ५.३०

जोसेफुम ही द्वितीया, 'रामं' सारखी. 'मी जोसेफला आणि एलिझाबेथला विवाहात जोडलं' असं वाक्य आहे, लिहिणारे पाद्रीबाबा. 'विदुआम'ही म्हणूनच.

आता बसून वाचा. तुमची पणजी विधवा होती. पहिला नवरा सेबास्तियान, म्हणजे घरात बस्त्याव. आणि 'आफ्फिनितास' म्हणजे लग्नातून आलेलं नातं. रक्ताचं असतं तर 'कोन्सांग्विनितास' लिहिलं असतं. विधवेशी लग्न करणारा माणूस तिच्या मेलेल्या नवऱ्याचा जवळचा नातलग असेल तर चर्चची सूट लागायची. पायरी मोजायची ती नवा नवरा आणि जुना नवरा यांच्यात. पहिली पायरी सख्खे भाऊ. दुसरी पायरी म्हणजे दोघांचे आजोबा-आजी एक. पणजोबा आणि बस्त्याव हे भावंडं लागत होते, चुलत, मावस, मामे, आते यांपैकी काहीतरी. पायरीच्या या मोजणीला या चौघांत फरक नाही, तो आपल्याला आहे. इथं वंशावळीत त्यातला एखादा शब्द लिहिण्याचा मोह होईल, लिहू नका.

तेव्हा १८९६ ची लेक कुणाची हे तुम्हीच बाप्तिस्म्याच्या वहीत बघा. मी सांगणार नाही.

सीमावासी | रविवार, सायंकाळी ५.५०

अंगावर काटा आला.

घाटमाथा | रविवार, सायंकाळी ६.१५

१८९६ ला मुंबईत प्लेग आला, पुढच्या साल-दोन सालात आपल्याकडं पसरला. बस्त्याव त्यातच गेला असणार. बाई पदरात पोर घेऊन उरली, दिरानं हात दिला.

शहापूरचा मोडीवाला | रविवार, सायंकाळी ६.४०

घाटमाथा, पाऊस तुम्हाला लागू पडला म्हणून प्लेगही पडेल असं नाही. मृत्यूच्या वहीत कारण लिहिलं असेल तर लिहा, नसेल तर 'लग्नापूर्वी मृत' एवढंच. आणि 'दिरानं' कशावरून? मावसभाऊ असेल तर?

घाटमाथा | रविवार, सायंकाळी ६.५०

तिसरी ओळ, काका. तिसरी ओळ.

मिशन कंपाउंड | रविवार, रात्री ८.००

आडनावाकडं बघा. वहीत बस्त्यावच्या नावापुढं काय आहे? तुमचंच असेल तर चुलत असण्याची शक्यता वाढते. आणि घरात कुणाच्या लक्षात का आलं नाही, हेही त्यातून उलगडतं.

लोंढा जंक्शन | रविवार, रात्री ८.३०

आमचंच आडनाव आहे. म्हणूनच मी वाचताना आधी घसरलो, वाटलं पणजोबांचंच दुसरं नाव असेल.

टीचर, बाप्तिस्म्याची वही त्याच चर्चमध्ये असेल का?

कॅम्पातली | रविवार, रात्री ९.००

मुलगी जिथं जन्मली त्याच्या जवळच्या चर्चमध्ये. आणि तिची नोंद सापडली की समास सोडू नका. १९०८ च्या ईस्टरपासून रोमचा नियम आला की कुणाचंही लग्न झालं की जिथं बाप्तिस्मा झाला त्या चर्चला कळवायचं आणि तिथल्या वहीत त्या नावाशेजारी लिहायचं. ती मोठी झाली आणि लग्न करून कुठं गेली असेल तर ते त्याच पानावर मिळेल. लग्नाची नोंद सापडत नसेल तर मी नेहमी ह्या उलट्या वाटेनं जाते.

सुपेकर | रविवार, रात्री ९.२०

टीचर, हे आधी का नाही सांगितलंत? माझ्या आजोबांचं लग्न १९२१ चं. मी दोन वर्षं लग्नाच्या वह्या उपसतोय आणि बाप्तिस्म्याचं चर्च मला माहीत आहे!

कॅम्पातली | रविवार, रात्री ९.२५

विचारलं नाहीत.

लोंढा जंक्शन | दोन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री १०.००

उशीर झाला, माफ करा. पाऊस आणि एक लग्न, दोन्ही होतं.

वही मिळाली, वेगळ्या चर्चमध्ये, खानापूरच्या बाजूला. ही नोंद पोर्तुगीजमध्ये. मुलगी, १८९६, मे महिना. 'फिल्या लेजितिमा दे सेबास्तियांव'. औरस मुलगी, बाप बस्त्याव. आई इजाबेल. इथं एलिझाबेथ नाही, इजाबेलच. आजीआजोबांच्या जागेवर शाईचा डाग आहे, तिथं मी टिंबं दिली आहेत. त्यामुळं बस्त्याव आणि जुजे चुलत की आणखी काही, ते अजून मोकळंच.

वंशावळीत दुरुस्ती केली. 'पेत्री कोंदाम' काढून टाकला, आणि ज्या तिघांनी चिकटवला होता त्यांना फोन करून सांगितलं. एकानं अजून काढलेला नाही. त्याला ते नाव आवडलंय.

काकांना वाचून दाखवलं. लॅटिन आधी, मग टीचरनी सांगितलेला अर्थ. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, 'तिचं मूल गेलं तेव्हा आमच्यातलं कुणी गेलं नव्हतं.' मी विचारलं, कुठं? तर म्हणाले, हुबळीला. त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं.

आणि टीचर, समासात आहे. बारीक अक्षरात, वेगळ्या शाईनं, १९१४, हुबळी, नवऱ्याचं नाव. आडनाव अर्धं वाचता येतंय. पहिली दोन अक्षरं लागली, पुढं वाळवी.

हुबळीत रेल्वे वर्कशॉपच्या बाजूला जुन्या कॅथलिक घरांची माहिती असलेलं इथं कुणी आहे का? व्यक्तिगत निरोप पाठवा, नाव तिथंच सांगतो.

मिशन कंपाउंड | शुक्रवार, रात्री १०.२०

माझी बहीण हुबळीला असते. निरोप पाठवतोय.

कॅम्पातली | शुक्रवार, रात्री १०.४०

१९१४ च्या लग्नाची मूळ नोंद हुबळीच्या वहीत असेल, तिथं नवऱ्याचं आडनाव पूर्ण मिळेल. साक्षीदार कोण होते तेही बघा. तुमच्या घरातलं कुणी उभं राहिलं होतं का ते कळेल.

लोंढा जंक्शन | शुक्रवार, रात्री १०.४५

सोमवारच्या पॅसेंजरनं जातोय. काका येतो म्हणतात.

निपाणीकर | शुक्रवार, रात्री १०.५०

खिडकीची जागा काकांना द्या.